उरातली कळ आणि उरावरची कळ

माणसाचा हात पोटावर गेला, गुडघ्यावर गेला, कपाळावर गेला, तर घरात कोणी फारसे वळून पाहत नाही. तोच हात छातीवर गेला की सारे घर उठून उभे राहते. कोणी पाणी आणतो, कोणी पंखा लावतो, कोणी रिक्षा बघायला धावतो. छातीच्या दुखण्याला हा मान मिळतो तो हृदयामुळे. परंतु छाती म्हणजे केवळ हृदय नव्हे. ज्या पेटीत हृदय ठेवलेले आहे तिला दोन्ही बाजूंनी बारा बारा बरगड्या आहेत, पुढे उरोस्थी आहे, मागे कणा आहे; बरगडी-बरगडीच्या मधून स्नायू विणलेले आहेत आणि वरून खांद्यापर्यंत उराचे मोठे स्नायू पसरलेले आहेत. ही पेटीही दुखते. दुखते आहे ती पेटी की पेटीतले रत्न, हे मात्र ज्याचे दुखते त्यालाच पुष्कळदा सांगता येत नाही.

धडधाकट माणसाच्या बाबतीत हा प्रश्न बहुधा लवकर सुटतो. ज्याला हृदयविकार आधीच जडला आहे त्याचे तसे नाही. त्याचे रत्न दुखू शकते, पेटी दुखू शकते आणि दोन्ही एकाच वेळी दुखू शकतात. अशा माणसाच्या पेटीच्या दुखण्यावर इलाज करावा की नाही, केला तर कोणी करावा आणि केव्हा करावा, हे वैद्यकाला कळायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली. त्या दोनशे वर्षांचा वृत्तान्त आम्हाला येथे सांगावयाचा आहे. आम्ही वैद्य नव्हे, इतिहासाचे वाचक आहोत. तेव्हा औषधाची चिठ्ठी आमच्याकडून कोणी मागू नये. ती ज्याची त्याने आपल्या डॉक्टरकडून घ्यावी.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका स्नेह्यांमुळे. हे गृहस्थ भाईंदरच्या मिठागरांवर अनेक वर्षे मुकादम होते. वयाच्या सत्तरीत त्यांना हृदयविकाराचा झटका आला. अँजिओप्लास्टी होऊन ते सुखरूप घरी आले. परंतु घरी आला तो पूर्वीचा माणूस नव्हता. दुधाची पिशवी ते उजव्या हाताने धरीत. सदरा घालताना डावा हात कोणीतरी बाहीत घालून द्यावा लागे. झोपताना डाव्या कुशीवर वळत नसत. हृदय डावीकडे, म्हणून डावी बाजू त्यांनी जणू देवघरातल्या समईसारखी जपून ठेवली. तीन-चार महिन्यांत डाव्या छातीत आणि खांद्यात कळा येऊ लागल्या. मध्यरात्री धावाधाव होई, कार्डिओग्राम निघे, रक्त तपासले जाई आणि पहाटे उत्तर मिळे, “काही नाही, घरी जा.” हे उत्तर ऐकून घरच्यांना हायसे वाटे, पण मुकादम एकदा आम्हाला म्हणाले, “अहो, काही नाही म्हणतात, मग दुखतं ते काय?” त्यांचा हा प्रश्न रास्त होता. इतिहासात तो अनेकांनी विचारला आहे आणि त्याचे उत्तरही मिळालेले आहे.

आपल्या भाषेने तर या दुखण्यांतला भेद फार पूर्वी जाणला होता. उसण भरते ती निराळी, चमक निघते ती निराळी, शिणक वेगळी, ठणका वेगळा आणि छाती आवळून येणे वेगळे. उसण भरली तर गावात पायाळू माणूस शोधून त्याचा पाय लावून घेत. बरगडी अवघडली तर तव्यावर खडे मीठ भाजून त्याची पुरचुंडी करीत आणि फडक्यातून शेक देत. भाईंदरसारख्या मिठाच्या गावी हे औषध तर घराघरांत असणारच. छाती आवळून दरदरून घाम फुटला तर मात्र कोणी पायाळू शोधीत बसत नसे. देवाचे नाव घेत.

आयुर्वेदाच्या ग्रंथांतही हे भान दिसते. चरकसंहितेने हृदय, शिर आणि बस्ती ही तीन प्रधान मर्मे मानली आणि हृद्रोगाचे पाच प्रकार सांगितले. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पार्श्वशूल आणि हृच्छूल यांची वर्णने निरनिराळी केलेली आहेत. कुशीतली कळ आणि हृदयातली कळ या दोन गोष्टी आहेत एवढे तरी प्राचीनांनी नि:संशय ओळखले होते. आजचे शारीरज्ञान त्यांच्या पदरात घालण्याचा हट्ट आम्ही धरणार नाही. तशी गरजही नाही.

युरोपात या भेदाची पहिली स्वच्छ रेषा विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने ओढली. 1768 साली त्याने लंडनच्या वैद्यसभेपुढे छातीच्या एका विकाराविषयी निबंध वाचला. तो 1772 साली छापून निघाला. चालताना, विशेषतः चढावर किंवा जेवणानंतर, छाती आवळून येते आणि माणूस थांबला की ती कळ ओसरते, असे त्याने लिहिले. रोगाला नाव दिले, पण हा रोग हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आहे हे त्याला ठाऊक नव्हते. तरीही त्याने एक नोंद करून ठेवली आहे. असा एक रोगी रोज अर्धा तास लाकूड करवतण्याचा नेम करून जवळजवळ बरा झाला! ज्या काळी हालचालीने कळ येते म्हणून रोग ओळखला जात होता, त्याच काळी बेताच्या हालचालीने कळ कमी होते हेही एका माणसाने दाखवून दिले. ही नोंद पुढे शंभर-दीडशे वर्षे जवळजवळ विसरली गेली.

एकोणिसाव्या शतकात रणांगणाने वैद्यकाला नवा धडा दिला. अमेरिकेच्या यादवी युद्धातील सैनिक छातीत दुखते, धडधडते, दम लागतो म्हणून रुग्णालयांत येत. डॉ. दा कोस्ता याने 1871 साली त्यांच्याविषयी लिहिले. त्यांपैकी अनेकांच्या हृदयात रोग सापडत नव्हता. पहिल्या महायुद्धात हेच पुन्हा घडले. हृदयरोगी म्हणून हजारो तरुण सैनिक परत पाठविले गेले. त्यांची तपासणी करण्याचे काम टॉमस लुईस याच्याकडे आले. प्रथम हॅम्पस्टेड येथे आणि मग कोल्चेस्टर येथे त्याने या सैनिकांना खाटेवर निजवून ठेवण्याऐवजी पायरीपायरीने कवायत करावयास लावली. आज हलकी, उद्या थोडी अधिक, सोसली तर परवा आणखी. या कवायतीतून उपचार तर झालाच, शिवाय परीक्षाही झाली. कारण खरा रोगी आणि केवळ भ्यालेला वा थकलेला माणूस यांचा निवाडा तिच्यात होई. व्यायामाची मात्रा औषधासारखी मोजून द्यावयाची, ही कल्पना येथे चांगली रुजली.

तोवर दुसरीकडे एक निराळेच कोडे उलगडत होते. आतल्या अवयवाला रोग झाला तर बाहेरची कातडी आणि स्नायू हुळहुळे होतात, हे हेन्री हेड याने 1893 साली सविस्तर मांडले. जेम्स मॅकेंझी हा मूळचा बर्न्ली गावचा साधा डॉक्टर. त्याने हाच विचार हृदयाच्या बाबतीत पुढे नेला. हृदयशूलाच्या रोग्याची छाती आणि डावा खांदा पुष्कळदा दाबताच दुखतो, असे त्याने दाखविले. हृदयाकडून येणाऱ्या संवेदना आणि उराच्या स्नायूंकडून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूच्या एकाच पातळीवर पोहोचतात; मेंदूला निरोप मिळतो, पण तो कोणत्या घरातून आला ते नीट कळत नाही. एकाच चाळीतल्या दोन बिऱ्हाडांना एकच दारघंटी असावी तसा हा प्रकार. मॅकेंझीला स्वतःलाही हृदयशूल होता. 1925 साली तो त्यानेच वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याचे हृदय अभ्यासासाठी तपासले गेले.

मग उलटा प्रश्न निघाला. हृदय जर स्नायूला दुखवू शकते, तर स्नायू हृदयाचे सोंग घेऊ शकेल काय? याचे उत्तर मिठाने दिले. लुईसच्या हाताखाली लंडनमध्ये जे. एच. केलग्रेन नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याने 1938 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शंभर भागांत सहा भाग मीठ असलेले पाणी अगदी थेंबांच्या प्रमाणात स्नायूंमध्ये टोचले. टोचले एका जागी आणि दुखले भलत्याच जागी! पुढच्या वर्षी लुईस आणि केलग्रेन यांनी दाखविले की, कण्याच्या वरच्या भागात मणक्यांमधल्या बंधनांत असे खारे पाणी टोचले असता छातीत आणि हातात हृदयशूलासारखीच कळ उत्पन्न करता येते. भाईंदरच्या खाडीकाठी ज्या पदार्थाच्या राशी शतकानुशतके रचल्या गेल्या, त्याच्या चिमूटभराने वैद्यकाचा एक मोठा भ्रम फेडला. कळ हृदयासारखी आहे एवढ्यावरून ती हृदयाची ठरत नाही, हे यातून सिद्ध झाले. त्याआधी 1921 साली ब्रेस्लाऊचा शस्त्रवैद्य अलेक्झांडर टिट्झे याने बरगड्यांच्या कूर्चांना येणारी दुखरी सूज वर्णिली होती. म्हणजे स्नायू, कूर्चा आणि कणा हे तिघेही हृदयाचे नाव लावून फिरू शकतात हे कळून चुकले.

हे ज्ञान रोग्याच्या खाटेपर्यंत पोहोचायला मात्र वेळ लागला आणि त्याचे कारण मोठे विलक्षण आहे. शिकागोच्या जेम्स हेरिक याने 1912 साली हृदयवाहिनी एकाएकी बंद पडण्याच्या विकाराचे वर्णन केले आणि असा रोगी जगू शकतो हे दाखविले. तो जगावा म्हणून विश्रांती सांगितली गेली. विश्रांतीचा अर्थ पुढे वाढत वाढत सहा-सहा आठवडे खाटेवर निश्चल पडून राहणे असा झाला. रोग्याने स्वतःच्या हाताने घास घेऊ नये, दाढी करू नये, कूस बदलू नये! हृदयाच्या जखमेला भरून यायला काही आठवडे लागतात, तोवर हालचाल झाली तर ते फुटेल, अशी भीती होती. भीती खोटी नव्हती, पण तिची मात्रा फार झाली.

त्या निश्चलतेचे फळ काय निघाले? पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होऊ लागल्या. आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे म्हणजे झटक्यातून वाचलेल्या अनेकांचा डावा खांदा काही आठवड्यांनी आखडू लागला, दुखू लागला आणि कित्येकांचा हातही सुजून ताठ होऊ लागला. 1947 साली स्टाइनब्रोकर याने या दुखण्याला खांदा-हाताचा विकार असे नाव दिले. ज्या हृदयाला जपण्यासाठी हात बांधून ठेवला, त्याच हाताची कळ छातीवर येऊन हृदयाच्या कळेचा भास निर्माण करू लागली. भास झाला की भीती, भीती वाढली की अधिक विश्रांती आणि विश्रांतीने अधिक आखडणे. हे रहाट एकदा फिरू लागले की थांबत नसे. आमचे मुकादम याच रहाटाला जुंपले गेले होते. त्यांना खाटेवर कोणी बांधले नव्हते. त्यांनी स्वतःला बांधून घेतले होते.

हे रहाट थांबविण्याचे धैर्य बॉस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइन याने दाखविले. बर्नार्ड लाउन या तरुण सहकाऱ्यासह त्याने 1952 साली असे मांडले की झटका आलेल्या रोग्याला लवकरच खुर्चीत बसवावे. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. परंतु त्या वेळी हे म्हणजे रोग्याला कड्यावरून लोटण्यासारखे वाटले होते. खुर्चीत बसलेले रोगी मरत तर नव्हतेच, उलट त्यांचा जीव उल्हसित होई. पुढे 24 सप्टेंबर 1955 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हर येथे झटका आला. वृत्तपत्रांना प्रथम सांगितले गेले ते अपचन. छातीचे दुखणे किती फसवे असते याचा हा दाखला. डॉ. पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना क्रमाक्रमाने उठविले, बसविले, चालविले आणि पुढच्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले. हृदयविकार म्हणजे आयुष्याचा शेवट, ही समजूत सामान्य जनांच्या मनातून हलविण्यात या घटनेचा वाटा मोठा आहे.

ज्या स्त्रीने या सगळ्या धाग्यांची एक गाठ बांधली तिचे नाव डॉ. जेनेट ट्रॅव्हेल. ती मुळात हृदयाच्या औषधांची अभ्यासक. स्वतःच्या खांद्याच्या दुखण्यातून आणि रोग्यांच्या छातीवर फिरविलेल्या बोटांतून तिला दिसून आले की, काही स्नायूंत ताणलेल्या दोरीसारखे पट्टे असतात आणि त्यांत एखादा बिंदू असा असतो की तो दाबताच कळ दूरवर पसरते. उराच्या मोठ्या स्नायूतल्या अशा बिंदूची कळ थेट डाव्या हातात उतरते. सेमूर रिन्झलर या सहकाऱ्यासह तिने 1948 साली जो लेख प्रसिद्ध केला त्याचा विषयच हृदयाच्या कळेतला शरीराच्या भिंतीचा वाटा आणि त्यावरचा इलाज हा होता. हृदयविकार असलेल्या रोग्यांच्याच छातीतल्या दुखऱ्या जागी बधिर करणारे औषध टोचून किंवा वरून थंड फवारा मारून त्यांनी कळ कमी करून दाखविली. झटका येऊन गेलेला असतो, हृदय सावरलेले असते, पण त्या वेळी आखडलेला स्नायू मोकळा झालेला नसतो. चोर निघून गेल्यावरही कुत्रे भुंकत राहावे तसा तो दुखत राहतो. 1961 साली केनेडी अध्यक्ष झाले तेव्हा ट्रॅव्हेल त्यांच्या वैद्य झाल्या आणि हे पद मिळविणारी पहिली स्त्री ठरल्या. या शोधाला एक धारही आहे, ती ध्यानात ठेवली पाहिजे. कळ थांबली म्हणजे हृदय बरे झाले असे मुळीच नव्हे. म्हणून हृदयाची तपासणी आधी आणि स्नायूचा इलाज मागाहून, हा क्रम ठरला.

आता आपल्या मुंबईकडे वळू. परळचे के. ई. एम. रुग्णालय 1926 साली उघडले. याच रुग्णालयात 1952-53 च्या सुमारास भारतातील पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. मुंबई महानगरपालिका, सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना या तिघांचे हात तिला लागले. त्या काळी पोलिओने पांगळी झालेली मुले मुंबईपुढचा मोठा प्रश्न होता. 1955 साली भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटना उभी राहिली आणि त्याच साली हाजी अलीला शारीरिक पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था सुरू झाली. शेक देणारा, अंग रगडणारा, तालमीत पैलवानाचे खांदे उतरवून बसविणारा माणूस आपल्याकडे पूर्वीपासून होता. परंतु शारीरशास्त्र शिकून, डॉक्टरच्या निदानावर उभे राहून, मात्रा मोजून व्यायाम देणारा माणूस या शाळेने प्रथम घडविला.

मुंबईत हृदयाची विद्याही याच सुमारास बहरत होती. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण 1949 साली इंग्लंडच्या हृदयविषयक नियतकालिकातून जगापुढे ठेवला आणि 1957 साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये के. ई. एम. रुग्णालयातच हृदयारोपण केले. तो रोगी काही तासच जगला, पण भारतातले ते पहिले हृदयारोपण होते. हृदयशस्त्रक्रिया जशी वाढली तशी पोलिओच्या मुलांसाठी जन्मलेल्या फिजिओथेरपीला नवे काम मिळाले. कारण हृदयापर्यंत जायचे तर पेटी फोडावी लागते.

बायपासच्या शस्त्रक्रियेत उरोस्थी मधोमध उभी कापतात, दोन्ही बाजू फाकवतात आणि काम झाल्यावर तारेने शिवतात. पुष्कळदा छातीच्या भिंतीच्या आतून जाणारी डाव्या बाजूची रोहिणी सोडवून ती हृदयाला जोडतात. म्हणून डावी छाती महिनोन्‌महिने बधिर, चुरचुरणारी वा दुखरी राहू शकते. बरगड्यांचे सांधे ताणलेले असतात. रोगी जखमेला जपण्यासाठी खांदे पुढे ओढून, पाठीला पोक काढून बसतो. मग उराचे स्नायू आखडतात आणि दोन खांद्यांमध्ये पाठ भरून येते. हृदय नव्याने वाहते झालेले असते आणि माणूस म्हणतो, “शस्त्रक्रिया फसली, छाती अजून दुखतेच!” अशा वेळी फिजिओथेरपिस्ट जे करतो ते दिसायला साधे असते. खोकताना उशी छातीशी धरावयास शिकवितो, खोल श्वासाचे व्यायाम देतो, हाड जुळेपर्यंतचे आठवडे जड उचलू देत नाही, पण खांदे मात्र पहिल्या दिवसांपासून बेताने फिरवितो. हाड जुळल्यावर उराचे स्नायू हळूहळू ताणणे, पाठीच्या स्नायूंना बळ देणे, कण्याची हालचाल मोकळी करणे आणि रोजचे चालणे वाढविणे ही पुढची पायरी.

यातल्या काही खुणा घरच्या माणसांनीही जाणून घ्याव्यात अशा आहेत. व्यायाम करताना श्वास कोंडू नये, कारण कोंडलेल्या श्वासाने रक्तदाब एकदम चढतो. म्हणून आकडे मोठ्याने मोजीत व्यायाम करावयास सांगतात. बोलणारा माणूस श्वास कोंडू शकत नाही. शेक ऊनसर असावा. शस्त्रक्रियेने वा मधुमेहाने जेथे कातडी बधिर झाली आहे तेथे मिठाची तापलेली पुरचुंडी ठेवली तर भाजल्याचे कळतही नाही. छातीत पेसमेकर असेल तर विजेची शेक देणारी यंत्रे लावू नयेत, हे उपचारकाला आधीच सांगावे. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असताना कोणाकडूनही अंग रगडून घेऊ नये. पायाळूचा पाय तर दूरच राहू द्या!

आपल्या मीरा-भाईंदरला या विषयात मन घालण्याचे खास कारण आहे. 1739 साली चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेत धारावी बेटाचा किल्ला मराठ्यांनी घेतला, तो इतिहास आपण अभिमानाने सांगतो. पण येथल्या माणसांच्या छातीचा आणि खांद्यांचाही एक इतिहास आहे. मिठागरावर डोईवर टोपली घेऊन बांधावरून चालणारा आगरी, उत्तनच्या किनाऱ्यावर डोलीचे जाळे ओढणारा कोळी, यांनी आपले स्नायू आयुष्यभर राबविले. 1985 साली येथे नगरपरिषद आली, 2002 साली महानगरपालिका झाली आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. मिठागरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. नव्या रहिवाशाने टोपली उचलली नाही, पण लोकलच्या कडीला एक हात टांगून रोज चर्चगेटपर्यंत जाणे त्याच्या नशिबी आले. टांगलेल्या हाताचा उराचा स्नायू तासभर ताणलेला, खाली दुसऱ्या हातात पिशवी आणि चहूबाजूंनी रेटा. संध्याकाळी छाती दुखली तर ती पेटी की रत्न? चाळिशी उलटलेल्या, साखर आणि रक्तदाब असलेल्या माणसाच्या बाबतीत हे अंदाजाने ठरविणे म्हणजे जुगार आहे.

आम्ही हे आवर्जून सांगतो, कारण या इतिहासाचा अर्धाच भाग ऐकून कोणी घरी जाऊ नये. आमच्या ओळखीच्या एका घरात असेच घडले. घरातल्या कर्त्या पुरुषाची छाती संध्याकाळपासून दुखत होती. बरगडीजवळ दाबले की दुखते, म्हणून स्नायूच आहे असे ठरले. तेल लावले, शेक दिला, थोडे बरे वाटले. पहाटे ते गेले. दाबल्याने दुखते म्हणून हृदय निर्दोष, असे म्हणता येत नाही. मॅकेंझीने शंभर वर्षांपूर्वी दाखविलेच होते की दुखऱ्या हृदयाच्या वरची भिंतही हुळहुळी असते. बोटाने दाखविता येणारी, वळताना, श्वास घेताना वा हात उचलताना वाढणारी, क्षणभर चमकून जाणारी कळ बहुधा भिंतीची असते. आवळणारी, दडपणारी, जबड्याकडे वा हाताकडे पसरणारी, श्रमाने येणारी, घाम आणि धाप घेऊन येणारी कळ हृदयाची समजावी. स्त्रियांत आणि मधुमेह्यांत तर ती याहूनही आडवळणाने येते. म्हणून नवी, वेगळी किंवा विश्रांतीनेही न थांबणारी कळ आली तर इतिहास, तेल आणि पुरचुंडी सारे बाजूला ठेवून 108 क्रमांकाची गाडी बोलवावी. चुकून दहा वेळा गेलेला माणूस दहा वेळा परत येतो.

तात्पर्य, या दोनशे वर्षांत वैद्यकाने दोन चुका केल्या आणि दोन्ही सुधारल्या. छातीची प्रत्येक कळ हृदयाची मानून त्याने माणसांना खाटेला बांधले, ही पहिली. कार्डिओग्राम स्वच्छ निघाला की “काही नाही” म्हणून त्याने माणसांना त्यांच्या दुखण्यासह घरी पाठविले, ही दुसरी. पहिल्या चुकीने शरीर आखडले, दुसरीने मन. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे: “हृदय आज ठीक आहे, दुखते आहे ते अमुक स्नायूत, आणि त्यावर इलाज आहे.” या तीन वाक्यांतले पहिले वाक्य डॉक्टरने उच्चारल्याशिवाय पुढची दोन कोणी उच्चारू नयेत. आणि पहिले उच्चारल्यावर पुढची दोन न सांगता रोग्याला परत पाठवू नये.

मुकादमांना ही तीन वाक्ये अखेर मिळाली. त्यांच्या हृदयतज्ज्ञाने श्रमाची चाचणी घेतली, ती ठीक निघाली आणि त्याने स्वतःच त्यांना फिजिओथेरपिस्टकडे पाठविले. तेथली मुलगी त्यांच्या नातीच्या वयाची. तिने डाव्या उराच्या स्नायूवर बोट ठेवून विचारले, “आजोबा, हीच ना कळ?” मुकादम दचकले, कारण तीच होती. गेले सहा महिने जी त्यांना मध्यरात्री उठवून बसवीत होती, ती एका बोटाखाली सापडली. त्या दिवशी त्यांची निम्मी कळ तेथेच गेली असे ते सांगतात. उरलेली जायला दोन महिने लागले. दाराच्या चौकटीला हात टेकून हळूच पुढे झुकणे, खांदे मागे नेणे, आकडे मोजीत हात उचलणे आणि सकाळी खाडीपर्यंत चालत जाऊन येणे, एवढाच त्यांचा उपचार. हृदयाच्या गोळ्या मात्र एकही चुकली नाही. खाडीकाठी ते उरलेल्या मिठागरांच्या बांधावर थोडे थांबतात.

परवा ते आमच्याकडे आले तेव्हा सदरा स्वतः घातलेला होता आणि दुधाची पिशवी डाव्या हातात होती. आम्ही काही बोललो नाही. चहा ठेवायला आत सांगितले.